शेवटची डबी

२ जानेवारी, मंगळवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या खुर्चीत बसून आज बरोबर एक महिना झाला. खुर्चीचा डावा हात अजून डुगडुगतो, कपाटाची किल्ली अजून दोनदा उलटी फिरवावी लागते, आणि स्टोअर झाडणाऱ्या मावशी अजून मला नव्या बाई म्हणतात. सव्वीस वर्षं तू या खोलीत कशी काढलीस कोण जाणे. खिडकी नाही, पंखा कुरकुरतो, आणि सकाळी आठपासून दारात वॉर्डातल्या नर्सा उभ्या. कुणाला सलाईनच्या नळ्या हव्यात, कुणाला हातमोजे, कुणाला टाक्यांचा दोरा. मी नाही म्हटलं की सगळ्यांचं एकच, अक्का असत्या तर दिलं असतं. मला ठाऊक आहे, तू दिलं नसतंस.

आता तक्रार. मागणीपत्रात मी अगदी खरे आकडे लिहिले. हातमोज्यांचे तीस खोके लागतात, तीस लिहिले. तुमच्या मध्यवर्ती भांडारातून आले अकरा. तू आता त्याच भांडारात बसतेस, तेव्हा हा उद्योग कुणाचा ते तूच सांग.

आणखी एक. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, कुत्रा चावल्यावर द्यायच्या सीरमची एक डबी आहे, आत दोन कुप्या. तिच्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: शेवटची, देऊ नये. द्यायची नसेल तर ठेवायची कशाला? लस आपल्याकडे असते, पण चावा खोल असेल तर जखमेत सीरम सोडावंच लागतं, एकट्या लशीवर भरवसा ठेवता येत नाही, हे तूच मला शिकवलंस.

बाबा मजेत. परवा दुकानात कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आणलं, त्यात पालीची अंडी निघाली. बाबांनी ती काढून हलकेच खिडकीत ठेवली आणि गिऱ्हाईकाला सांगितलं की घड्याळ बिघडलेलं नाही, बाळंतीण आहे. त्यांचं म्हणणं, अक्का बदलून गेल्यापासून चुका काढायला कुणी उरलं नाही, त्यामुळे चुका करण्यात मजा राहिली नाही.

पत्र गाडीवाल्या काकांकडे देते. औषधांची गाडी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही. तुझ्या कानाला फोन मानवत असता तर एवढं लिहावं लागलं नसतं.

लोभ आहे तसा राहू दे, आणि पुढच्या गाडीनं हातमोजे येऊ देत.

तुझी,
मनी


५ जानेवारी, शुक्रवार

चि. मनीस,
अ. उ. आ.

तीस लागतात म्हणून तीस लिहिणारी तू या खात्यातली पहिलीच. तुझा फोटो भिंतीवर लावायला हवा. अगं बावळट, माझ्या टेबलावर साठ हॉस्पिटलांची मागणीपत्रं येतात आणि साठही जण तिप्पट लिहितात. म्हणून मी डोळे मिटून दोन हिस्से कापते. तुझंही तेच केलं. दहा दिले, आणि अकरावा भाची म्हणून. यापुढे नव्वद लिही, तीस मिळतील. हे खोटं बोलणं नव्हे, ही इथली भाषा आहे.

आता डबीचं. साठ्याच्या नोंदवहीत शून्य कधीही दाखवायचं नाही, हे मनगटावर लिहून ठेव. शून्य दिसलं की तपासनीस येतो. वस्तू संपली कशी, संपायच्या आधी कळवलं का नाही, झोपा काढत होता का, असा तीन पानी खुलासा मागतो आणि जाताना तुझ्या दप्तरात शेरा मारून जातो. म्हणून प्रत्येक वस्तूचा शेवटचा नग राखायचा. तो रोग्यासाठी नसतो, तपासनिसासाठी असतो. साठही ठिकाणी हेच चालतं. चावलेला माणूस आला की जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, लस टोचायची, आणि सीरमसाठी मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं. बस अडीच तासांत पोचवते. सीरमला लशीपासून सात दिवसांची सवड असते, अडीच तासांनी कुणी मरत नाही.

बाकीच्या नगांचं एक वेळ मी पोटात घालीन, पण त्या डबीला हात लावायचा नाही. कुणीही येवो.

तुझ्या बापाला म्हणावं, पालीची बाळंतपणं करण्यापेक्षा स्वतःच्या दाढेकडे बघ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता नि मी अकरा. काखेत मारून शाळेत न्यायचे त्याला, आणि हा माझ्या पाटीवर झोपायचा. अजून त्याच्यात फारसा फरक पडलेला नाही.

माया आहेच, ती मागणीपत्राशिवाय मिळते. हातमोजे नाहीत.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी, मंगळवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी शिष्या तरबेज होत चालली. हातमोजे नव्वद लिहिले, एकतीस आले. परवा तपासनीस येऊन गेला. फ्रीज उघडला, डबी हलवून पाहिली, नोंदवहीत खूण केली आणि चहा मागितला. चिठ्ठी मी आधीच काढून ठेवली होती.

पण एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. मागच्या बुधवारी आपल्या गल्लीतली इस्त्रीवाली आली. पोटरीचा लचका गेला होता. डॉक्टरांनी सीरम आहे का विचारायला पाठवलं आणि मी तोंड वर करून नाही म्हटलं. फ्रीज माझ्या पाठीला टेकलेला होता. जखम धुतली, लस टोचली, तिला बसमध्ये बसवून दिलं. तिचा नवरा जाताना म्हणाला की या हॉस्पिटलात पाटी सोडून काही नाही. मी मान खाली घालून नोंदवही लिहीत राहिले. तिला तिथे सीरम मिळालं, ती बरी आहे, काल आमच्याकडचे कपडेही घेऊन गेली. तरी तिच्यासमोर मला ताठ उभं राहता येत नाही. आत्या, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. तुला असं कधी झालं नाही का?

मी सीरमच्या तीस डब्या मागितल्या होत्या, तुझ्याच भाषेत. एकही आली नाही. पाठव ना. मग तुझी डबी तुझ्या नावानं फ्रेम करून ठेवते.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, अक्का सैन्यात गेली असती तर आपण लढाई जिंकलो असतो, पण गोळ्या मात्र सगळ्या कपाटात राहिल्या असत्या.

राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी,
मनी


९ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. मनीस,
अ. उ. आ.

नाही, मला असं कधी झालं नाही. पहिल्या वर्षी झालं असेल, मग जागा पुरली नाही. तुझी इस्त्रीवाली जिवंत आहे, कपडे नेते आहे, आणि तू रडगाणं गातेस. तिला बसचे धक्के बसले, एवढंच झालं.

सीरमच्या बेचाळीस डब्या आहेत माझ्याकडे, साठ हॉस्पिटलांना. अठरा ठिकाणी काही जाणार नाही हे मी बोटानं ठरवते आणि जेवायला जाते. त्या अठरांत तुझं हॉस्पिटल मी स्वतः पहिलं घातलं. भाचीला झुकतं माप दिलं असं इथल्या कारकुनानं कुजबुजायचा अवकाश, माझी इतक्या वर्षांची अब्रू जाईल. तुझं नाव दिसलं की माझा हात आणखी आखडतो. रागव खुशाल.

आणि पुन्हा सांगते, त्या डबीला हात लावू नकोस. मी गंमत करत नाही. डॉक्टर ओरडले तरी नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. बसमध्ये बसव आणि मोकळी हो.

बापाला म्हणावं, गोळ्या कपाटात राहिल्या म्हणूनच त्याच्या बहिणीला बढती मिळाली. दाढ काढली का?

बोलणं तिखट असलं तरी माया तीच.

तुझी आत्या


८ मार्च, शुक्रवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, सगळं ठीक आहे, हे आधी लिहिते.

बुधवारी बाबांना कुत्रा चावला. दुकानाच्या पायरीवर झोपायचा तोच, ज्याला ते रोज बिस्किटं घालत. सकाळी दुकान उघडायला वाकले तर त्यानं उजवा हात धरला. दोन बोटं हाडापर्यंत फाटली. त्यांनी हाताला दुकानातलं फडकं गुंडाळलं, कुलूप लावलं आणि चालत हॉस्पिटलात आले. बाकावर रांगेत बसले. मी धावत गेले तर मलाच विचारायला लागले, बस कितीची आहे? आत्या, तूच पत्रात लिहितेस ना सगळ्यांना बसनं धाडायचं म्हणून, ते मी त्यांना वाचून दाखवलं होतं. बस तासाभरात होती.

आत्या, मला ते जमलं नाही. मी डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं की डबी आहे, पहिल्यापासून आहे. त्यांनी सगळ्यांसमोर माझी अशी हजेरी घेतली की कानशिलं तापली. पण दहा मिनिटांत दोन्ही कुप्या बाबांच्या जखमेत गेल्या होत्या आणि लशीचा पहिला डोस दंडात. बाबा दात दाखवत होते. म्हणाले, अक्काची तिजोरी फुटली.

आज तो कुत्रा गटारात मेलेला सापडला. म्हणजे पिसाळलेलाच होता. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं. डबी नसती तर काय झालं असतं! नोंदवहीत मी लाल शाईनं शून्य लिहिलंय. येऊ दे तपासनिसाला, तीन काय तीस पानी खुलासा देईन. तुझा नियम मोडला, आणि मला एवढासाही पस्तावा नाही. हवं तेवढं ओरड.

ओरडून झालं की लोभ कर.

तुझी,
मनी


१२ मार्च, मंगळवार

चि. मनीस,
अ. उ. आ.

ओरडत नाही.

गाडीवाल्या काकांच्या थर्मासमध्ये बर्फात एक नवी डबी आहे. माझ्या अधिकारात काढली आहे, कागद मागाहून करीन. ही भावाला दे. हो, पुन्हा. तुमचे डॉक्टर नाही म्हणाले तर त्याला आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा आणि तिथे सांग की सीरम अजून दिलेलंच नाही. आज सहावा दिवस आहे, उद्या सातवा. त्यानंतर उपयोग नसतो, तुला ठाऊक आहे.

का म्हणून विचारू नकोस. जुना माल कधीकधी उतरलेला असतो. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात भुंगा शिरला समज. इतक्या वर्षांत तुझ्याकडे मी एकच गोष्ट मागते आहे.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी आत्या


१५ मार्च, शुक्रवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. तू, आणि कागदाशिवाय डबी! बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, अक्का आतून अशीच आहे, तुम्हा लोकांना माहीत नाही. फाडून मात्र टाकलं नाही, बाबांनी घड्याळांच्या खणात ठेवलंय.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सीरम दोनदा देत नाहीत, उलट लशीचं काम बिघडतं. मी जुनी रिकामी डबी नेऊन दाखवली. मुदत पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतची आहे, उतरलेला माल कसला? मोठ्या हॉस्पिटलात जाऊन खोटं बोलायला मी तयार होते, पण बाबाच अडून बसले. म्हणाले, एका माणसानं दोन माणसांचं औषध खायचं नसतं.

आणि बघ, त्यांचं म्हणणं कसं खरं झालं. बुधवारी दुपारी गवंड्याची बायको आली, गालाचा लचका गेलेला. त्याच कुत्र्यानं मरायच्या आदल्या दिवशी तोडलं होतं, आणि ती आठवडाभर हळद लावून बसली होती. तुझी डबी फ्रीजमध्ये होती. मी मागे न बघता काढून दिली. डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. गवंडी घरी येऊन आईच्या पाया पडायला लागला, आईला पळता भुई थोडी झाली.

बाबांची जखम सुकते आहे. डाव्या हातानं चिमटा धरायला शिकताहेत, त्यामुळे अर्ध्या गावाची घड्याळं बंद आहेत. तू एवढी काळजी करशील असं वाटलं नव्हतं. करत जा, छान वाटतं.

लोभ असाच थर्मासमधून येत राहो.

तुझी,
मनी


२२ मार्च, शुक्रवार

चि. मनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. उत्तर द्यायला जमलं नाही.

भावाच्या बोटांना मुंग्या येतात का? पाणी नीट पितो का? दर गाडीला दोन ओळी लिही, जास्त नको. लशीचा एकही डोस चुकवू नका.

तुझी आत्या


२ एप्रिल, मंगळवार

ती. आत्यास,

गुरुवारपासून बाबांच्या उजव्या हाताला मुंग्या होत्या. मी म्हटलं, जखम भरते आहे. काल सकाळी आईनं पाण्याचा पेला दिला तर त्यांनी तो भिंतीवर फेकला आणि मग आईची माफी मागत रडायला लागले. पंख्याचा वाराही सोसत नाही. शेवटची लस उद्याची होती.

डॉक्टर माझ्याकडे बघत नाहीत. बाबांना कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलंय, खिडकीला चादर लावून. मधूनच अगदी शुद्धीवर असतात आणि तुझी चौकशी करतात. तू ये. पत्र लिहीत बसू नकोस, ये.

मनी


१२ एप्रिल, शुक्रवार

ती. आत्यास,

बाबा सोमवारी गेले. आठवडा लागला. शेवटचे दोन दिवस त्यांना पलंगाला बांधून ठेवावं लागलं. तुला निरोप धाडला होता, तू आली नाहीस.

काल कामावर गेले. टेबलावर ती जुनी रिकामी डबी होती, मी मावशींना टाकून द्यायला सांगितली. मावशींनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, ही तर तीच, बर्फात चिकटलेली. अक्कांनी मला पट्टीनं सोडवायला लावली होती. पुठ्ठ्याचा तळ कसा फुगलाय बघा, असं म्हणून त्यांनी ती टाकून दिली आणि फरशी पुसायला लागल्या.

सीरम एकदा गोठलं की पाणी होतं. हेही तूच शिकवलंस.

मावशी खरं बोलतात का, एवढंच लिही.

मनी


१९ एप्रिल, शुक्रवार

चि. मनीस,
अ. उ. आ.

खरं बोलतात.

गेल्या ऑगस्टात फ्रीजचं बटण बिघडलं. सुट्टीनंतर उघडलं तर मागच्या पत्र्याला बर्फ धरला होता आणि डबी त्यात रुतली होती. बाकीचा माल पुढे होता, तो वाचला. नियमानं ती बाद करून वर कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर चौकशी लागली असती, आणि माझ्या बढतीचा कागद सहीला गेला होता. म्हटलं, ही नाहीतरी दाखवायचीच डबी आहे. गोठलेली आणि न गोठलेली दिसायला सारखीच. पुसून जागेवर ठेवली आणि वर चिठ्ठी लावली.

तू मला काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालं आहे. पण मने, मी तुला दोन पत्रांतून बजावलं होतं. कुणीही येवो, हात लावू नकोस, असं साफ लिहिलं होतं. इस्त्रीवालीला तू नाही म्हणालीस आणि ती जगली. त्यालाही तसंच बसमध्ये बसवलं असतंस तर तो आज दुकानात असता. हे मी दुखवायला लिहीत नाही. पण आहे ते आहे.

कुत्रा चावल्याचं तुझं पत्र मिळालं त्या शुक्रवारी मी फोनपाशी गेले होते. डाव्या कानानं काही नाही, उजव्यानं नुसती खरखर. माझ्या वतीनं फोनवर कारकून बोलतो. तुम्हाला काय सांगायचं ते आधी त्याला सांगावं लागलं असतं. तो पेन्सिल घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, राहू दे, काही विशेष नाही. आणि तू बोलावलंस तेव्हा मी बसमध्ये बसलेही होते. सुटायच्या आधी उतरले. भावानं मला विचारलं असतं, अक्का, औषध का लागू पडलं नाही, तर त्याच्यापुढे मला बोलता आलं नसतं.

या महिनाअखेर मी निवृत्त होते. इथली खोली सोडावी लागेल. भावानं कितीदा म्हटलं होतं की वरची खोली तुझीच आहे. आता ते मागायला तोंड नाही. तक्रार करायची तर कर, सही माझीच आहे, मी नाकारणार नाही. तू सांगशील तिथे जाईन.

लोभ कर असं लिहायची माझी लायकी उरली नाही.

तुझी आत्या


२३ एप्रिल, मंगळवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू लिहितेस ते बरोबर आहे. तुझं ऐकलं असतं तर बाबा जगले असते. बस तासाभरात होती. परक्या बाईला मी बसमध्ये बसवलं आणि बापाला नाही, म्हणून बाप गेला. हे मला मावशींनी डबी टाकली त्या मिनिटाला कळलं होतं. तू लिहायची गरज नव्हती, पण लिहिलंस.

त्या कारकुनाला तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं? चार दिवस तो कॅन्टीनमध्ये बोलला असता. मग दुसरं कुणाचं तरी बोलला असता.

बाबांनी विचारलं होतं. तुला नाही, मला. शनिवारी जरा शुद्ध होती तेव्हा म्हणाले, अक्कानं आणखी काही पाठवलंय का? मी हो म्हटलं. मंगळवारच्या गाडीनं येतंय म्हटलं. त्यानंतर बराच वेळ ते दाराकडे बघत होते.

तक्रार केलेली नाही. करणारही नाही. ही दया समजू नकोस. तक्रार केली तर तू चौकशीच्या खोलीत बसशील, प्रश्नांची उत्तरं देशील, काहीतरी शिक्षा होईल आणि एक दिवस ती संपेल.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की अक्कांनी नियम मोडून बर्फात औषध धाडलं. ते बाबांना दिलं आणि गवंड्याच्या बायकोलाही दिलं, असं तिच्या डोक्यात बसलंय. मी ते दुरुस्त केलं नाही. गवंडीण आता रोज येते, तिच्या गालावर टाक्यांचे व्रण आहेत, आणि दोघी बसून तुझं नाव घेतात. वरची खोली आईनं स्वतः धुतली. बाबांचा पलंग तिथे नेलाय.

तेव्हा तू ये. दुसरीकडे कुठे जायचं नाही. आई रोज तुला चहा आणून देईल, पाय चेपीन म्हणेल, आणि रोज सांगेल की तुम्ही किती केलंत. तू ऐकून घ्यायचंस. सांगून मोकळं व्हावंसं वाटलं तरी तोंड उघडायचं नाही, कारण मग ती कुणाच्या आधारानं राहील? मी खालच्याच खोलीत असते. कामावरून आले की तुझी चौकशी करीन. सून, लेक, भाची जे काही करते ते सगळं करीन.

आईनं तुला चार ओळी लिहिल्यात, सोबत जोडते.

मनी


ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

थोडंच लिहिते. मनी म्हणाली की तुम्ही यायला कचरता. का म्हणून? तुमचं औषध यांना लागू पडलं नाही त्यात तुमचा काय दोष? तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर एवढंही धाडलं नसतं. तुम्ही आईच्या मायेनं यांना वाढवलंत, आणि शेवटीही तुम्हीच धावलात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मनी हल्ली माझ्याशी धड बोलत नाही, तुम्ही आलात की तिलाही आधार होईल. एक तारखेला मी स्टँडवर येते तुम्हाला घ्यायला. सामान उचलायला गवंडी येईल, त्यानंच हट्ट धरलाय. लवकर या, अक्का. आता मला तुमच्याशिवाय कोण आहे?

तुमची भावजय